मानांग पुरिंगची चांदणी

दुर्बीण घरात आली की माणूस आकाशाकडे बघायला लागतो, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात दुर्बीण घरात आली की आख्खी गल्ली त्या माणसाकडे बघायला लागते. तेरिओच्या हे लक्षात आलं तेव्हा खोकं अजून पुरतं उघडलंही नव्हतं.

एलेउतेरिओ माग्बानुआ हे त्याचं पूर्ण नाव. इलोइलो शहराबाहेर सान लुकास वस्तीत राहणारा, जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीतला वरिष्ठ कारकून. लोकांच्या नावातल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी बाळाचं नाव उच्चारलं, की याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. बाकी माणूस निरुपद्रवी. खोड म्हणाल तर एकच: मनातली गोष्ट सरळ तोंडाने बोलायची नाही. बायकोकडे कॉफी मागायची असली तरी आधी "आज हवेत गारवा आहे, नाही?" अशी प्रस्तावना. हर्मीनिया बिचारी संसाराच्या इतक्या वर्षांत गारवा म्हटलं की चुलीकडे जायला शिकली होती.

दुर्बीण पाठवली मुलीने. अनालिन तिकडे स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला नर्स. खोक्यात चॉकलेटं असणार म्हणून सगळे शेजारी सहज म्हणून अंगणात येऊन उभे होते. खोक्यातून साबण निघाले, डबाबंद मांस निघालं आणि मग कापसात गुंडाळलेली ती लांबलचक नळी निघाली. चॉकलेटच्या आशेने आलेल्या माणसाला नळी दाखवली तर त्याचा चेहरा कसा होतो, ते तेरिओने त्या दिवशी पाहिलं.

त्या रात्री अनालिनचा फोन आला. "ताताय, इथे आकाशाला झाकण घातलंय. महिना झाला, एक तारा दिसला नाही. यंदा नाताळला रजाही नाही. आपल्या अंगणातून तीन मारियांचा फोटो काढून पाठवाल? त्यांच्याखाली तो धुरकट ठिपका आहे ना, त्याच्यासकट."

मृगाच्या पोटात बाणासारखे एका रेषेत बसलेले तीन तारे, त्या तीन मारिया. त्यांच्याखालचा धुरकट ठिपका म्हणजे तेजोमेघ. तिथे म्हणे नवे तारे जन्माला येतात. हे ऐकल्यावर तेरिओला पहिला प्रश्न पडला तो नोंदणीचा. पण मुलीला तो एवढंच म्हणाला, "बघतो. वेळ मिळाला तर." आणि फोन ठेवल्यावर दुर्बिणीचं माहितीपत्रक घेऊन पहाटेपर्यंत बसला.

गल्लीत मात्र त्याने जाहीर केलं की आपण वैज्ञानिक निरीक्षण करतो आहोत. लेकीची आठवण येते म्हणून रात्री आकाशाकडे बघतो, असं वरिष्ठ कारकुनाने चारचौघांत म्हणायचं नसतं. विज्ञान म्हटलं की कसं, कुणी पुढे विचारत नाही.

कुणी म्हणजे चीफ सोडून. शेजारच्या घरातले वेन्सेस्लाव हे निवृत्त बोटवाले. सगळी वस्ती त्यांना चीफ म्हणायची आणि ते सगळ्या वस्तीला सल्ला द्यायचे. विहीर, विवाह, मूळव्याध, कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. ताऱ्यांचं तर विचारूच नका.

"तेरिओ, अरे आम्ही ताऱ्यांवर बोटी हाकल्यात!" कुंपणावरून पाय टाकत ते म्हणाले. "अटलांटिकमध्ये वादळ आलं, यंत्रं बंद. कॅप्टन म्हणाला, चीफ, आता काय? मी म्हटलं, वर बघा!"

"पण चीफ, तुम्ही तर इंजिनरूममध्ये होता ना?" हर्मीनियाने कपडे वाळत घालता घालता विचारलं.

"म्हणूनच तर म्हटलं ना, वर बघा!"

आता इथे थोडं यंत्रशास्त्र सांगणं भाग आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. म्हणून दुर्बिणीच्या स्टँडमध्ये एक मोटर असते, ती ताऱ्यांबरोबर दुर्बीण हळूहळू फिरवते. त्यासाठी स्टँडचा आस बरोबर ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. तो रोखला तर फोटोत तारा टिंबासारखा येतो, नाही तर शेवईसारखा. आणि इलोइलोला ध्रुवतारा असतो फार खाली, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, ऐन उत्तरेला. तेरिओच्या अंगणाच्या ऐन उत्तरेला, रस्त्यापलीकडे, मानांग पुरिंगचं, म्हणजे पुरिंगताईचं, घर होतं.

"तो बघ ध्रुव!" चीफनी बोट दाखवलं. "त्या छपराच्या वर. स्थिर. हलत नाही, लुकलुकत नाही. या ताऱ्याला मी झोपेतसुद्धा ओळखेन."

तेरिओने स्टँड त्या ताऱ्यावर रोखला आणि फोटो काढले. सगळ्या शेवया. दुसऱ्या रात्री जास्त काळजीपूर्वक रोखला, तर जास्त लांब शेवया. चीफ म्हणाले, पृथ्वीचा आस कलला असेल, हल्ली हवामान बिघडलंय. तेरिओला ते पटलंही असतं. पण तिसऱ्या रात्री हर्मीनिया दाराची कडी लावायला आली आणि सहज म्हणाली, "अहो, तुमचा ध्रुवतारा विझला. मानांग पुरिंग झोपली वाटतं."

तो मानांग पुरिंगच्या आकाशकंदिलाच्या टोकावरचा बल्ब होता.

त्या आकाशकंदिलाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तेरिओलाही जाता आलं नाही. पाच टोकांची चांदणी, पुरुषभर उंच, शिंपल्याच्या पातळ कापांची, आणि तिच्यात पळणारे, थांबणारे, दचकणारे रंगीत दिवे. मानांग पुरिंग ती सप्टेंबरातच टांगायची आणि झोपताना टोकावरचा बल्ब तेवढा मालवून बाकीची पहाटेपर्यंत जळत ठेवायची. आमच्याकडे 'बर'ने संपणारा महिना लागला की नाताळ लागला, आणि मानांग पुरिंग तर नाताळ अंगणात पाहुणा येऊन बसल्यासारखा वागवायची. वस्तीच्या सजावट स्पर्धेत मागच्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. यंदा ती ईर्ष्येला पेटली होती. खरा ध्रुवतारा त्या चांदणीच्या झगमगाटात हरवला होता.

तेरिओ इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याकडे गेला.

"मानांग, एक छोटीशी विनंती. एका रात्रीपुरती, तासभर, ही चांदणी जरा बंद…"

"का?"

"ताऱ्यांचा फोटो घ्यायचाय."

मानांग पुरिंगने हातातलं भांडं ठेवलं. ही बाई अनालिनची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच पोरीला हातात धरलं होतं. तिने तेरिओकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तुला चांदण्यांचा फोटो काढायला माझी चांदणी विझवायचीय?"

"तसं नाही, पण…"

"नक्की कशासाठी हवाय फोटो?"

तिने हे विचारलं तेव्हा तिचा आवाज जरा वेगळा होता. पण तेरिओला आवाजातलं स्पेलिंग कधी कळलंच नाही. तो ताठ होऊन म्हणाला, "विज्ञानासाठी."

"मग विज्ञानाला म्हणावं, जानेवारीत ये," मानांग पुरिंग म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली.

इथे थांबला असता तर तेरिओ सुखी झाला असता. पण अपमान झालेला कारकून थांबत नाही, तो अर्ज करतो. शिवाय अंगणासमोरचा रस्त्यावरचा दिवा, तोही डोळ्यात खुपत होताच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो बारांगायच्या ऑफिसात, म्हणजे वस्तीच्या कारभाराच्या कचेरीत गेला. तिथली सेक्रेटरी नखं रंगवत होती.

"रस्त्यावरचा दिवा तासभर बंद करून हवाय," तो म्हणाला.

"बंद पडलाय?"

"नाही, चालू आहे. तो बंद करायचाय."

तिने ब्रश खाली ठेवला. "बंद दिवा चालू करा, असा अर्ज आहे आमच्याकडे. चालू दिवा बंद करा, असा नाही."

"मग काय करायचं?"

"तोच भरा. वर लिहा, कृपया उलट वाचावा."

शुद्धलेखनावर हयात काढलेल्या माणसाला हा घाव वर्मी बसला. तो तावातावाने बोलायला लागला आणि आवाज ऐकून आतून खुद्द कपिताना बाहेर आल्या. कपिताना दिवीना म्हणजे वस्तीच्या निवडून आलेल्या प्रमुख. बाई दणदणीत आणि निवडणूक चार पावलांवर आलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि उघडले ते वेगळ्याच तेजाने.

"मानोंग तेरिओ, एवढी मोठी गोष्ट आणि तुम्ही ती परसदारी करणार? नाही! ही आपल्या बारांगायची खगोल रात्र! सगळे दिवे बंद! सगळी वस्ती हजर! आरोस काल्दोची कांजी माझ्यातर्फे!"

"कपिताना, मला फक्त एक दिवा…"

"लाजू नका हो!"

तेरिओ घरी आला तो एका दिव्याच्या बदल्यात एक मंडप, एक ध्वनिवर्धक, एक प्रार्थना आणि कांजीचं एक पातेलं घेऊन. हर्मीनियाने हे ऐकून कपाळाला हात लावला नाही, कारण दोन्ही हातांना पीठ होतं.

मग सगळ्या गल्लीला नोटिसा गेल्या. शनिवारी रात्री आठ वाजता घरातले आणि घराबाहेरचे दिवे बंद ठेवावेत, हुकुमावरून, शिक्का. मानांग पुरिंगने नोटीस दारातच वाचली, चार घड्या घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि त्याच संध्याकाळी चांदणीला आणखी दोन माळा चढवल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या पुतण्याच्या रिक्षातून एक जनरेटर उतरला. "हल्ली लोकांचा भरवसा नाही," ती रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "उद्या कुणी वायर तोडली तर?"

शनिवार उजाडला तो निरभ्र. डिसेंबरातला कोरडा वारा, चंद्राचा पत्ता नाही. असं आकाश वर्षातून मोजक्या वेळा मिळतं. संध्याकाळी तेरिओ दुर्बीण अंगणात लावत असताना फाटकावर फ्लेक्स चढला. फाटकाएवढाच फ्लेक्स, त्यात जवळजवळ फाटकाएवढा कपिताना दिवीनांचा हसरा चेहरा. वर अक्षरं: 'ताऱ्यांकडे झेप!' खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढी दुर्बीण आणि तिच्याखाली, 'सहभाग: इलेक्टेरिओ मगबानवा.'

तेरिओ ते नाव वाचत बराच वेळ उभा राहिला. आपल्या कचेरीत येणाऱ्या माणसांना नेमकं काय वाटत असेल, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेवढ्यात एका कार्यकर्त्याने फ्लेक्ससमोर भलामोठा झोतदिवा लावला.

"हे काय? दिवे बंद करायचा कार्यक्रम आहे ना?"

"हो, पण अंधारात फ्लेक्स कसा दिसणार?" कार्यकर्त्याने समजुतीने सांगितलं.

सात वाजता माणसं जमायला लागली. आरोस काल्दोचं, म्हणजे आलं-लसणाच्या वाफाळत्या कोंबडी-कांजीचं, पातेलं दुर्बिणीशेजारीच ठेवलं होतं, कारण सपाट जागा तिथेच होती. वाफ उठायची ती थेट भिंगावर. तेरिओ एका हाताने भिंग पुसत होता आणि दुसऱ्या हाताने माणसांना स्टँडपासून लांब ठेवत होता. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं. मग चीफनी माईक हातात घेतला आणि अटलांटिकातलं वादळ पुन्हा एकदा उठवलं. या खेपेला लाटा जास्त उंच होत्या.

दुर्बिणीला रांग लागली. पहिला मान कपितानांचा. त्यांनी डोळा लावला आणि उद्गारल्या, "अप्रतिम! केवढं अथांग!" टाळ्या झाल्या. भिंगावरचं झाकण अजून काढलेलं नव्हतं. हे सांगावं की न सांगावं, या विचारात तेरिओचा एक मिनिट गेला आणि शेवटी त्याने तेव्हाही सरळ न बोलता, "आता जरा अधिक स्पष्ट दिसेल," असं म्हणत झाकण खिशात टाकलं. मागोमाग आलेल्या म्हातारीने बराच वेळ पाहिलं आणि ती गंभीरपणे म्हणाली, "मला माझी पापणीच दिसतेय. फार मोठी आहे हो." एकाने आत फुंकर मारून पाहिली. एकाने चिचारोन, म्हणजे डुकराची तळलेली कुरकुरीत साल, खाल्लेले तेलकट हात भिंगाला पुसले आणि तेरिओकडे बघून माफीही मागितली, त्यामुळे त्याला ओरडता आलं नाही.

समोर मानांग पुरिंगची चांदणी लाल, हिरवी, निळी होत नाचत होती. मानांग स्वतः ओट्यावर खुर्ची टाकून, समोरच्या खांबाला फोन टेकवून, आपण त्या गावच्याच नाही अशा थाटात बसली होती.

आठ वाजले. तीन मारिया पूर्वेला छान वर आल्या होत्या. वायरमन खांबाखाली तयार होता. कपितानांनी माईक घेतला.

"बंधूभगिनींनो! आज आपण अंधार करतो आहोत तो ज्ञानाच्या प्रकाशासाठी! पण तुमच्या आयुष्यातला अंधार कायमचा दूर करण्यासाठीच मी…"

वायरमनला तीच खूण वाटली. त्याने खटका ओढला.

रस्त्यावरचा दिवा गेला. झोतदिवा गेला. माईक गेला. घरं गेली, पुढची गल्ली गेली, चर्चचा क्रूस गेला, पलीकडच्या वस्त्या गेल्या, पार समुद्रापर्यंत सगळं गेलं. खटका आणि वीज जाणं हा निव्वळ योगायोग होता, असं वायरमन आजही शपथेवर सांगतो. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवलेला नाही.

आणि मग एक गोष्ट झाली. कुणीतरी वर पाहिलं. मग शेजारच्याने पाहिलं. बोलणं थांबत थांबत पार कुंपणापर्यंत थांबलं. इतके तारे सान लुकासवर कित्येक वर्षांत कुणी पाहिले नव्हते. मुठीने विखुरल्यासारखे, छपरांना टेकलेले. पातेल्याशी उभी असलेली बाई पळी हातात धरून तशीच राहिली. तेरिओच्या मनात आलं, हेच, अगदी हेच पोरीला पाठवायचं. त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

मोटर हलेना.

हलणार कशी? मोटरची वायर गेली होती एक्स्टेन्शन बोर्डात, बोर्ड स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघराची वीज सगळ्या तालुक्याबरोबर गेलेली. तीन आठवडे ज्या अंधारासाठी या माणसाने अर्ज, विनंत्या आणि अपमान सोसले, तो अंधार आला आणि येताना दुर्बिणीचा प्राण घेऊन आला.

"अंधार पाहिजे होता ना?" हर्मीनिया काळोखातून म्हणाली. "घ्या आता पोटभर."

तेवढ्यात रस्त्यापलीकडे 'ढुक ढुक ढुक' असा आवाज झाला. जनरेटर. आणि डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या त्या गडद काळोखात एकच वस्तू झगझगत उजळली: मानांग पुरिंगची चांदणी. लाल, हिरवी, निळी. दोन जादा माळांसह. कुणीतरी हसलं, मग सगळं अंगण हसायला लागलं.

तेरिओ मात्र हसला नाही. तो वाटेत कांजीच्या पातेल्याला धडकत फाटकातून बाहेर पडला. अंधारात कपितानांच्या फ्लेक्सला अडखळला आणि रस्ता ओलांडून ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा शर्ट कांजीने माखला होता आणि एका गालावर लाल, दुसऱ्यावर हिरवा उजेड पडत होता.

"मानांग…" तो म्हणाला.

"बोल. नोटीस आणलीस का आणखी?"

"नाही."

"मग? विज्ञान काय म्हणतंय?"

तेरिओने सवयीने हवेतल्या गारव्याबद्दल काही बोलायला तोंड उघडलं. ते मिटलं. पुन्हा उघडलं.

"अनालिनसाठी पाहिजे होता फोटो," तो म्हणाला. "ती येत नाही यंदा. तिने मागितलाय. मी कधी तिला बोललो नाही, पण… घर खायला उठतं, मानांग. रात्री जेवायला बसलो की ताट एक जास्त मांडतो मी. मग हर्मीनिया काही न बोलता उचलून ठेवते."

मानांग पुरिंग खुर्चीतून उठली.

"एवढं बोलायला तालुक्याची वीज जावी लागली?" ती म्हणाली. "अरे शहाण्या, तुझी पोरगी मला दर रविवारी फोन करते. फोटोचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी तुला विचारलं, कशासाठी हवाय. म्हटलं, आता सांगेल, तिच्या धर्ममातेला तरी सांगेल. तर हा म्हणतो, विज्ञान! आणि वर मला शिक्क्याची नोटीस! मला!"

तिने हात मागे नेला आणि खटका दाबला. चांदणी विझली. जिथे तिचं टोक होतं, बरोबर तिथे, छपराच्या वर, एक साधासा, कसलाही तोरा नसलेला तारा दिसला. स्थिर.

"तो बघ," मानांग पुरिंग म्हणाली. "आता वायर आण तुझी. जनरेटर काय नुसता ठेवायचाय का?"

मग धावपळ उडाली. वायर पुरेना, म्हणून ध्वनिवर्धकाची वायर जोडली. ती जोडल्यावर दुर्बीण थरथरायला लागली, कारण जनरेटरचे धक्के जमिनीतून थेट स्टँडपर्यंत येत होते. इतक्यात जनरेटर खोकला, अडखळला आणि काळा धूर सोडायला लागला.

"बाजूला व्हा सगळे," चीफ म्हणाले.

हा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्यात अटलांटिक नव्हता. चीफ गुडघ्यांवर बसले, अंधारातच हात फिरवत त्यांनी काहीतरी सैल केलं, काहीतरी पिळलं, दोन पोती मागवून जनरेटरखाली सारली आणि त्याच्या अंगाला कान लावला. ढुकढुक मऊ झाली, मग नुसतं गुणगुणणं राहिलं. दुर्बिणीची थरथर थांबली.

तेरिओने ध्रुवतारा साधला. या खेपेला खरा. मग नळी तीन मारियांकडे वळवली, खाली उतरवली आणि आधी चीफना म्हटलं, "बघा, चीफ."

चीफनी डोळा लावला. सगळी वस्ती वर्णनाची वाट बघत होती. वर्णन आलं नाही. खूप वेळाने ते सरळ झाले आणि हळूच म्हणाले, "असं असतं होय." मग तेरिओच्या कानाशी येऊन, "आम्ही खाली असायचो रे. वर यायचो तेव्हा दिवस असायचा."

कॅमेऱ्याने एकामागून एक फोटो घ्यायला सुरुवात केली. दर फोटोला कपिताना सगळ्यांना "श्श्श!" करत होत्या, जणू ताऱ्यांची झोपमोड होणार होती. शेवटी तेरिओने पडद्यावर फोटो उघडला. टिंबं. शेवया नाहीत, टिंबं! आणि मधोमध फिकट गुलाबी, पंख पसरल्यासारखा, धुराचा एक पुंजका. तेरिओ म्हणाला की इथे तारे जन्मतात. रांगेने सगळ्यांनी तो पाहिला. मानांग पुरिंगने चष्मा वर करून पाहिला.

"एवढंसं?" ती म्हणाली. "यासाठी माझी चांदणी विझवली?" मग परत पाहिलं. "रंग बरा आहे. पुढच्या वर्षी करता येईल तसा."

तेवढ्यात तिच्या हातातल्या फोनमधून हसण्याचा आवाज आला. तेरिओ दचकला.

"ताताय!" फोनमधून अनालिन म्हणाली. "इलेक्टेरिओ मगबानवा! अहो काय छापलंय ते! मी पहिल्यापासून बघतेय. इथे जेवणाची सुट्टी आहे, सगळा वॉर्ड जमलाय माझ्यामागे. कपितानांना झाकण लावलेल्या दुर्बिणीतून काय दिसलं, ते विचारतायत सगळे!"

ओट्यावरच्या खांबाला टेकवलेला फोन पूर्ण कार्यक्रमभर चालू होता, हे तेरिओच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे ताट मांडायचंही तिने ऐकलं. त्याने फोन हातात घेतला. "फोटो चांगला आलाय," तो म्हणाला. "पाठवतो."

"पाठवा. पण आधी फोन वर धरा ना जरा. आकाशाकडे."

"फोनला दिसत नाही गं तारे. काळंच येतं सगळं."

"येऊ दे काळं. धरा."

तेरिओ प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला आणि त्याने हात उंच केला. फोनच्या पडद्यावर खरंच नुसता काळोख होता.

"दिसतंय का काही?"

"नाही," अनालिन म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तसाच धरा. कुत्रं भुंकतंय, ते कोपऱ्यावरचं ना? आणि आत्ता खोकले ते चीफ. नानाय भांडी आवरतेय… धरा अजून थोडा वेळ, ताताय."

तो धरून राहिला. हात अवघडला, तरी धरून राहिला. अंगणात कुणी काही बोलत नव्हतं, त्यामुळे भांड्यांचा आवाज स्पष्ट येत होता. मग हर्मीनियाही थांबली. आणि थांबू नये हे लक्षात येऊन तिने एक पातेलं उगीचच पुन्हा विसळायला घेतलं.

मग भप्पकन वीज आली. वस्तीभर आरोळी उठली, झोतदिवा पेटला, फ्लेक्सवर कपितानांचे दात उजळले आणि माईक हातातच धरून बसलेल्या खऱ्या कपिताना अर्धवट राहिलेल्या वाक्यावर ताबडतोब परत आल्या: "…मी तुमच्यासमोर उभी आहे!"

पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. झगझगीत उजेडात वरिष्ठ कारकून खुर्चीवर उभा होता, हात आकाशाकडे, शर्टावर कांजी आणि गाल ओले.

"डोळ्यात काहीतरी गेलं," तेरिओ म्हणाला.

"दोन्ही?" केव्हाच आपल्या ओट्यावर परतलेल्या मानांग पुरिंगने रस्त्यापलीकडून विचारलं.

तिचा हात खटक्यावर होता. स्पर्धेचे परीक्षक कुठल्याही रात्री फिरतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी खुर्चीवरचा माणूस खाली उतरेपर्यंत तिने खटका दाबला नाही.

उतरल्यावर मात्र लगेच दाबला. स्पर्धा शेवटी स्पर्धा असते.